एका दिवसाची तूट : कागदांच्या संगणकीय यादींतील कालदोषाची चौकशी

(१)

जुन्या कागदावर मिती असते, वार असतो, कधीं शक, कधीं सुहूर सन, तर कधीं मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो. आणि पुष्कळदां ह्यांपैकीं एखादेंच असतें. त्या तुटपुंज्या सामग्रीवरून तारीख बसवितांना आपण मोडकांची जंत्री उघडतों, शंकर बाळकृष्ण दीक्षित व सेवेल ह्यांचीं १८९६ सालचीं कोष्टकें पाहतों, आणि वाराचा मेळ बसला म्हणजे निःशंक होतों. एवढ्या खटाटोपानें बसविलेली तारीख यादींत नमूद झाल्यावर ती आपण होऊन बदलेल, अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या यादींत तसें घडलें. तो प्रकार, त्याचें कारण आणि त्यापासून घ्यावयाचा बोध वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण आतां अनेक संग्राहक आपल्या याद्या संगणकावर ठेवूं लागले आहेत, आणि जें माझ्या यादीचें झालें तें त्यांच्याहि यादीचें होऊं शकेल.

वाघोली हें जाधवरावांचें गांव. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींतील सरदार पिलाजीराव जाधवराव ह्यांच्यामुळें तें इतिहासवाचकांस परिचित आहे. २०२१ सालीं गांव पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. जुनें घर मोडावयास निघालें कीं माळ्यावरचे रुमाल प्रथम रद्दींत जातात. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं आसपासच्या घरांतून निघणारे कागद पाहून त्यांची यादी करण्यास आरंभ केला. त्यांत मोडी खरेदीखतें व गहाणखतें आहेत, कुळकर्ण्यांचीं टिपणें आहेत, खासगी पत्रें आहेत, आणि 'केसरी'च्या जुन्या अंकांच्या छायाप्रती आहेत. कित्येक मालकांनीं कागद पाहूं दिले व लगोलग परत नेले. पुढें त्यांपैकीं कांहीं वाळवीनें खाल्ले, कांहीं रद्दींत गेले. अशा कागदांच्या बाबतींत माझी यादी हीच काय ती साक्ष उरली आहे.

आरंभीं ही यादी वहींत होती. पुढें खराडीस संगणकाच्या नोकरींत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती डेटाबेसांत घालून दिली, आणि वहीचा आळस करून मी नव्या नोंदी थेट संगणकावरच करूं लागलों. हा आळस मला किती महाग पडणार होता, हें तेव्हां कळलें नाहीं.

गेल्या वर्षीं डेटाबेसाची जुनी आवृत्ती काढून नवी बसविली. यादी पूर्वीसारखीच दिसत होती. कांहीं आठवड्यांनीं 'केसरी'च्या नोंदी चाळतांना पहिल्या अंकाची तारीख ३ जानेवारी १८८१, सोमवार, अशी दिसली. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, आणि त्या दिवशीं मंगळवार होता, ह्याविषयीं दुमत नाहीं. पुढील नोंदीहि तशाच : मंगळवारीं निघणारें पत्र माझ्या यादींत दर आठवड्यास सोमवारीं निघत होतें!

(२)

प्रथम मला माझीच चूक वाटली. परंतु शेजारची पेशवाईंतील पत्रें तपासलीं तों तीं ठीक होतीं. १९२० सालचें एक खरेदीखत पाहिलें, तेंहि ठीक. चुकलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हां असें आढळलें कीं, त्या सर्व १८७० ते १९०५ ह्या छत्तीस वर्षांतील आहेत आणि प्रत्येक नोंद नेमकी एक दिवस मागें गेली आहे. हस्तदोष असा शिस्तीनें होत नाहीं. पोथींत एकच अपपाठ ठराविक पानांपुरता येऊं लागला, तर लेखकु बदलला किंवा आदर्शप्रत बदलली असें आपण समजतों. येथेंहि कांहींतरी बदललें होतें.

विद्यार्थ्यास बोलाविलें. त्यानें सांगितलें कीं, आम्हांस यादींत केवळ तारीख दिसते. पण आंत प्रत्येक तारखेस तास, मिनिटें व सेकंदहि जोडलेले आहेत. मीं तास कधींच लिहिले नव्हते, म्हणून यंत्रानें ते मध्यरात्रीचे, म्हणजे शून्य मानले होते. आतां तो झांकलेला भाग उघडून पाहिला तों त्यांत शून्यें नव्हतीं. २८ जून १८५४ पूर्वींच्या कागदांस मध्यरात्रीनंतर २३ मिनिटें २८ सेकंद झालेले होते. त्यानंतर १८६९ अखेरपर्यंतच्या कागदांस २३ मिनिटें २० सेकंद. १८७० ते १९०५ पर्यंतच्या कागदांस आदल्या दिवशींचे रात्रीचे ११ वाजून ५१ मिनिटें १० सेकंद. १९०६ नंतर बहुतेक ठिकाणीं शून्य. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील कागदांस मध्यरात्रीनंतर बरोबर एक तास.

"सर, हा सगळा कचरा आहे," विद्यार्थी म्हणाला. "मिनिटें पुसून टाकतों आणि त्या छत्तीस वर्षांच्या नोंदींत सरसकट एक दिवस वाढवितों. दहा मिनिटांचें काम आहे."

"पोथींतलें न समजलेलें अक्षर खरवडून काढूं नये, हें तुला वर्गांत कितीदां सांगितलें होतें?" मीं म्हटलें. "हे आंकडे कोठून आले तें आधीं पाहूं." तो थांबला, परंतु मी येण्यापूर्वींच त्यानें प्रयोगादाखल कांहीं नोंदींचीं मिनिटें पुसलीं होतीं. त्यांची हकीगत पुढें येईल.

(३)

असा डेटाबेस तारीख जशी लिहिली तशी ठेवीत नाहीं. तो तिचें ग्रिनिचच्या काळांत रूपांतर करून एक क्षण ठेवितो, आणि वाचणाऱ्यास दाखवितांना पुनः त्याच्या स्थळाच्या काळांत आणतो. जुन्या आवृत्तींत आमच्या यादीस एकच सूत्र लाविलेलें होतें : ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास. कागद शके १६५० चा असो कीं १८५० चा असो, त्याची मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचची आदली सायंकाळ, साडेसहा. नवी आवृत्ती बसवितांना ह्या सूत्राच्या जागीं स्थळाचें नांव आलें : आशिया/कोलकाता. नांव आलें म्हणजे त्यापाठोपाठ त्या स्थळाच्या घड्याळांचा इतिहासहि आला.

हा इतिहास ज्या कोष्टकांत आहे तें जगांतील बहुतेक संगणक वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन ह्यांनीं त्याचा आरंभ केला, पॉल एगर्ट ह्यांनीं तें पुढें सांभाळलें, आणि २०११ पासून तें आयकॅन ह्या संस्थेच्या छत्राखालीं आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका ज्योतिषविषयक प्रकाशनसंस्थेनें जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगून दावा लाविला होता, तो पुढल्या वर्षीं मागें घेतला. जुन्या घड्याळांची चौकशी इतिहासकाराइतकीच जातक मांडणाऱ्यास लागते, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

कोष्टकाचा नियम असा कीं, १९७० नंतर ज्या प्रदेशाचीं घड्याळें एकसारखीं चाललीं त्यास एकच नांव द्यावें. म्हणून सर्व भारतास एक कोलकाता. मुंबईस अथवा पुण्यास वेगळी ओळ नाहीं. त्या ओळींत असें लिहिलें आहे : २८ जून १८५४ पर्यंत कलकत्त्याची स्थानिक वेळ, ग्रिनिचपुढें ५ तास ५३ मिनिटें २८ सेकंद; नंतर तीच आठ सेकंदांनीं कमी; १८७० पासून मद्रासची वेळ, ५ तास २१ मिनिटें १० सेकंद; १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ, साडेपांच तास; आणि १९४१ चा ऑक्टोबर ते १४ मे १९४२, तसेंच १ सप्टेंबर १९४२ ते १४ ऑक्टोबर १९४५ ह्या युद्धकाळांत एक तास अधिक.

आतां आमचे आंकडे बोलूं लागले. साडेपांच तास धरून ठेविलेला क्षण कलकत्त्याच्या घड्याळांत वाचला, तर २३ मिनिटें २८ सेकंद पुढें जातो. तारीख तीच राहते व दोष झांकून जातो. तोच क्षण मद्रासच्या घड्याळांत वाचला, तर ८ मिनिटें ५० सेकंद मागें येतो. आणि मध्यरात्रीच्या उंबरठ्यावरून आठ मिनिटें मागें येणें म्हणजे आदल्या दिवसांत पडणें होय. युद्धकाळांतला एक तास पुढचा, म्हणून तोहि दिसला नाहीं. सर्व काळांत दोष होता; उघडा पडला तो मद्रासच्या छत्तीस वर्षांत.

वाघोलीच्या कागदांशीं कलकत्त्याच्या वा मद्रासच्या मिनिटांचा संबंध काय? मद्रासची वेळ रेल्वेनें देशभर नेली, पण लोकांच्या व्यवहारांत ती सहजासहजीं शिरली नाहीं. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या सरकारनें ती मुंबईवर लादण्याचा यत्न केला, आणि लोकमत पाहून १८८३ सालीं हुकूम परत घ्यावा लागला. १९०६ च्या आरंभीं प्रमाण वेळ आली तेव्हां मुंबईच्या गिरणी कामगारांनीं काम थांबविलें. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें होती. महापालिकेनें ती आपल्या घड्याळांवर पुढेंहि कित्येक वर्षें टिकविली. कलकत्त्यानेंहि आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाहीं. ह्यांतलें कांहींहि त्या ओळींत नाहीं. वाघोलीचा सूर्य तर आजहि प्रमाण वेळेच्या सुमारें ३४ मिनिटें मागें मध्यान्हीं येतो.

कोष्टककारांस दोष देण्याचें कारण नाहीं. १९७० पूर्वींच्या माहितीवर विसंबूं नये, असें ते स्वतःच बजावितात. दोष आमचा, कीं ज्या कागदावर तासच नाहीं त्यास आम्हीं मध्यरात्रीचा तास जोडूं दिला.

(४)

कारण कळल्यावर दुरुस्ती सोपी वाटली, परंतु तशी ती नव्हती. नवी आवृत्ती बसल्यानंतर दोष लक्षांत येईपर्यंतच्या आठवड्यांत मीं १८७० ते १९०५ मधील कांहीं नव्या नोंदी केल्या होत्या. त्या नव्या सूत्रानेंच ठेविल्या गेल्यामुळें बरोबर होत्या. सरसकट एक दिवस वाढविला असता तर ह्या शुद्ध नोंदी अशुद्ध झाल्या असत्या. जुन्या कोणत्या व नव्या कोणत्या, हें यादींत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. तें सांगणारी एकच खूण होती : जुन्या नोंदींस ११ वाजून ५१ मिनिटें १० सेकंद, नव्या नोंदींस शून्य. ज्यास आम्ही कचरा म्हणत होतों तोच पुरावा ठरला. मिनिटें जुळलीं त्या नोंदी एक दिवस पुढें नेल्या. शून्यें होतीं त्यांस हात लाविला नाहीं.

उरल्या त्या प्रयोगादाखल पुसलेल्या नोंदी. त्यांची खूण नाहींशी झाली होती, आणि जुन्या आवृत्तीची प्रत राखलेली नव्हती. त्यांपैकीं ज्यांचा मूळ कागद अथवा छायाचित्र हातीं होतें त्या पुनः वाचून लाविल्या. ज्यांचा कागद गेला होता, पण शेऱ्यांत मीं वार उतरून घेतला होता, त्या वारावरून लागल्या. कागद नाहीं, छायाचित्र नाहीं, वारहि नाहीं, अशा पांच नोंदी राहिल्या. त्यांत एका विहिरीच्या हिश्शाचें वांटपपत्र आहे. त्याची तारीख आज दोन प्रकारें संभवते, आणि मला त्यांतून निवड करतां येत नाहीं. त्या पांचांपुढें मीं 'संशयित' असा शेरा घातला आहे. एका दिवसाचें काय मोठें, असें कोणी म्हणेल. पण एकाच घरांत आधीं मृत्युपत्र झालें कीं आधीं खरेदीखत झालें, असा प्रश्न येतो तेव्हां सगळा निकाल त्या एका दिवसांतच असतो.

(५)

यंत्राचा हा प्रमाद आपणांस नवा वाटतो. वस्तुतः दिवस कोठें सुरू होतो हा प्रश्न आपल्या क्षेत्रांत जुनाच आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणलेल्या जेधे शकावलींत शिवाजी महाराजांचें सिंहासनारोहण शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध द्वादशीस, शुक्रवारीं, तीन घटिका रात्र उरली असतां झाल्याचें नमूद आहे. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटें. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून शकावलीस तो शुक्रवार. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं पालटतो, म्हणून इंग्रजांच्या हिशेबीं शनिवार, ६ जून १६७४. त्या घटकेस त्रयोदशी लागलेली असल्यामुळें उत्सव त्रयोदशीस होतो. आणि इंग्रज तेव्हां जुनें जूलियन पंचांग पाळीत. तें त्यांनीं १७५२ सालीं सोडलें आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसास १४ सप्टेंबर म्हटलें. पोर्तुगीज मात्र त्याच्या कितीतरी आधीं ग्रेगोरियन पंचांगावर गेले होते. त्या गणनेनें तोच दिवस १६ जून. शुक्रवार व शनिवार, द्वादशी व त्रयोदशी, सहा व सोळा : घटना एक आणि सर्व नोंदी खऱ्या.

बहुतेक डेटाबेस आजच्या ग्रेगोरियन गणनेसच मागें मागें ताणीत नेतात. त्यांत ६ जून १६७४ घालून वार विचारला तर उत्तर बुधवार येतें. महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही मान्य तारीखहि जूलियन आहे. शकावलींत वार शुक्रवार, यंत्राचें उत्तर मंगळवार. ग्रेगोरियन १ मार्च १६३० विचारल्यास शुक्रवार येतो. ज्यास हा भेद ठाऊक नाहीं तो शकावलीस खोटी ठरविण्यास धांवेल. आणि ज्याची यादी वार आपोआप भरते, त्याच्या यादींत तो खोटा वार कागदावरचा म्हणून छापला जाईल.

घड्याळाच्या संक्षेपांतहि असाच घोळ आहे. 'आय. एस. टी.' हीं तीन अक्षरें भारताच्या प्रमाण वेळेस लावितात, तशींच इस्राएल व आयर्लंडच्या वेळांसहि लावितात. पोस्टग्रेस ह्या प्रसिद्ध डेटाबेसांत १८ व्या आवृत्तीपूर्वीं मुळांतला अर्थ इस्राएलचा असे. भारताचा अर्थ मुद्दाम निवडावा लागे. ती निवड नव्या आवृत्तींत सोबत नेण्याचें राहिलें तर साडेतीन तासांचें अंतर पडतें, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं.

(६)

ह्या अनुभवावरून माझ्या यादीची मांडणी मीं पालटली. इतर संग्राहकांच्या उपयोगीं पडेल म्हणून ती येथें देतों.

१. कागदावरची मिती जशी आहे तशी, अक्षरशः, केवळ मजकूर म्हणून लिहावी. तिच्यावर यंत्राला गणित करूं देऊं नये.

२. आपण काढलेली इंग्रजी तारीख दुसऱ्या रकान्यांत ठेवावी. त्या रकान्याचा प्रकार 'निव्वळ तारीख' असा असावा. तास व टाइमझोन त्यास नसावे.

३. ती तारीख जूलियन कीं ग्रेगोरियन, आणि कोणत्या जंत्रीवरून काढली, हें शेजारीं नोंदवावें.

४. वार कागदावर असेल तर तो वेगळा लिहावा. यंत्रानें काढलेला वार त्याच्याशीं ताडून पाहण्यापुरता घ्यावा. त्याच्या जागीं बसवूं नये.

५. कागदावर घटका-पळें असतील तर तशींच ठेवावीं. घड्याळाची वेळ असेल तर ती मुंबईची, रेल्वेची कीं प्रमाण, हें कळेल तेवढें लिहावें. मुंबईच्या जुन्या कागदांत ह्याचें विशेष अगत्य आहे.

६. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वीं जुन्या यादीची प्रत अलग ठेवावी, आणि बसविल्यावर ज्यांविषयीं शंका नाहीं अशा तारखा निरनिराळ्या काळांतून घेऊन पडताळाव्या. ४ जानेवारी १८८१ मंगळवार, २२ जून १८९७ मंगळवार, १ जानेवारी १९०६ सोमवार, १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, अशा दहा-वीस पुरेत. मीं केवळ पेशवाईंतले कागद पडताळले असते, तर आजहि निश्चिंत बसलों असतों.

ह्या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. कागदावरची मिती हा पाठ होय, आणि आपण काढलेली तारीख हा त्याचा अन्वय होय. अन्वय उद्यां कोणी सुधारील, परवां कोणी खोडून काढील. पाठ मात्र हाताशीं राहिला पाहिजे. माझ्या यादींत पाठाची जागा अन्वयानें घेतली होती, आणि अन्वय डळमळतांच उभें राहावयास कांहीं उरलें नाहीं. जुने लेखकु पोथीच्या अखेरीस, जसें पाहिलें तसें लिहिलें, मजकडे दोष नाहीं, अशा अर्थाचा श्लोक घालीत. कित्येकांच्या बाबतींत तें खरें नसे; पण वाचणाऱ्यास तेवढी सूचना तरी मिळे. यंत्र अशी सूचना देत नाहीं. ती आपणच आपल्या यादीच्या माथ्यावर लिहून ठेविली पाहिजे.

वर सांगितलेल्या पांच संशयित कागदांच्या नकला अगर उल्लेख वाघोली, लोहगांव, केसनंद व आसपासच्या गांवांतील कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असतील तर त्यांनीं ते ह्या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावे. विशेषतः विहिरीच्या वांटपपत्रावरील वार कोणीं उतरून घेतला असेल, तर त्या एका शब्दानें माझें काम होईल.